गोविंदतात्यांचे विषयांतर

रत्नागिरीहून परत आलो आणि साताऱ्यात जो भेटतो तो एकच विचारतो, "आंबे आणले का?" अहो, फाल्गुनात कसले आंबे? झाडावर कैऱ्या लोंबत होत्या, त्या पाहून आलो. समुद्र कसा होता, घाट कसा होता, हेही लोक विचारतात. पण तिथे जे घडलं ते कुणी विचारत नाही, आणि तेच माझ्या घशात अजून अडकून बसलं आहे. म्हणून लिहून काढतो. वाचून कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तर झोंबोत. माझ्या नाकाला अजून झोंबताहेत.

जायचं कारण माझी थोरली बहीण. तिला आम्ही आक्का म्हणतो. मालगुंडच्या अलीकडे, खाडीच्या काठी एका गावात ती दिलेली आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिला अजून तिथेच नांदायचं आहे.

गेल्या शिमग्याला तिचा मुलगा आजारी पडला. दुखणं विकोपाला गेलं तसे आक्का आणि दाजी पोराला उचलून मुंबईला इस्पितळात घेऊन गेले. घराला कुलूप, किल्ली दाजींच्या खिशात. आता त्या मुलखातली रीत अशी, की शिमग्यात गावदेवी पालखीत बसून घरोघर जाते. पालखी अंगणात आली की घरच्या बाईने खण-नारळ-तांदळाने देवीची ओटी भरायची. घरी कुणी नसेल तर किल्ली शेजारी ठेवून जायची, म्हणजे शेजारीण दार उघडून ओटी भरते. दाजी घाईत ते विसरले. पालखी आली, बंद दारापुढे उभी राहिली आणि तशीच परत गेली. देवी रिकामी परतली! झालं. गावाचा अपमान, देवीचा अपमान. पोरगा वाचला याचं कुणाला कौतुक नाही, आणि कुलपाचा राग मात्र वर्षभर धुमसत राहिला.

यंदा शिमगा तोंडावर आला तसा आक्काचा निरोप आला. गाव बैठक घेऊन आमचं घर वाळीत टाकणार आहे, म्हणजे आमच्याशी बोलायचं नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, लग्नाला यायचं नाही आणि मयताला खांदाही द्यायचा नाही. आमच्या पोरीचं, शांताचं, लग्न वैशाखात ठरलंय. मुलाकडच्यांनी कळवलं आहे की गावाने टाकलेल्या घरातली मुलगी आम्ही करणार नाही. तू बोलण्यात हुशार, ये.

बोलण्यात हुशार हे खरं आहे. आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या सभा मी चालवतो. एका वेळी एकाने बोलावं, विषयाला धरून बोलावं आणि बोलून झालं की खाली बसावं, एवढं तीन वाक्यांचं माझं शास्त्र आहे. ते घेऊन मी निघालो.

घाट आणि खाडी

कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि पुढे आंबा घाट उतरून मोटार. घाटात मोटार तापली. ड्रायव्हर ओढ्याचं पाणी आणायला गेला आणि आम्ही उतारू दरीकडे तोंड करून उभे राहिलो. दरी मोठी सुंदर होती, पळस फुलला होता, खाली सगळं निळं निळं दिसत होतं. शेजारी एक रत्नागिरीकर गृहस्थ उभे होते. मी विचारलं, "अजून किती वेळ लागेल?" त्यावर त्यांनी मला ड्रायव्हरच्या सासऱ्याची हकिगत सांगितली. खरंच सांगतो, सासऱ्याची! त्या सासऱ्याने पोफळीची बाग कशी लावली, पाणी कसं आटलं, मग भावाशी कसं बिनसलं. गाडी चालू झाली तरी हकिगत चालूच. वेळेचा काही पत्ता लागला नाही.

रत्नागिरीत एक रात्र काढली. सकाळी मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव पाहायला गेलो, तर पन्नास तोंडं एकदम सुटलेली आणि ऐकणारं एकही नाही. आमच्याकडे घाटावर माणूस आधी मुद्द्याचं बोलतो, मग पाणी मागतो. इथे पाणी पिऊन, पान खाऊन, तुमच्या आजोळची चौकशी करून झाली की मुद्दा येतो, आणि तोही बहुधा दुसऱ्याच कुणाचा असतो.

साखरतरला होडीने खाडी ओलांडायची होती. ओहोटी होती, म्हणून होडी काठाला लागेना. तरवाला म्हणाला, "उतरा पावणे, चिखल मऊ आहे." मऊ कसला! माझा उजवा पंपशू त्या चिखलाने गिळला तो गिळलाच. होडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढचा रस्ता मी अनवाणी, तापलेल्या कातळावरून तुडवला. काळा-तांबडा सडा, म्हणजे उघडं कातळाचं माळरान, गवत वाळून पांढरं झालेलं, डाव्या हाताला समुद्र चकाकतोय, आणि मी पाय उचलून उचलून नाचतोय. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने बूट कुठे गेला ते विचारलं.

आक्काच्या घरी

घर होतं तसंच, माडांच्या सावलीत. जेवायला तांदळाची भाकरी, ओल्या काजूगरांची उसळ आणि सोलकढी. भाकरीची आमच्या जोंधळ्याशी बरोबरी नाही हे मी बोलून दाखवलं, पण उसळ मात्र दोनदा मागून घेतली. आक्का वाढत होती खरी, पण तिचं लक्ष नव्हतं. शांता मागच्या दाराशी नारळ खवत बसली होती. लग्नाचं लुगडं घडी न मोडता खुंटीवरच्या बोचक्यात बांधून ठेवलेलं होतं.

तिसऱ्या प्रहरी एक बाई अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभी राहिली. आत येईना. आक्का म्हणाली, "ये गो रखमाबाय, आता आम्ही पण तुझ्याच पंगतीला." रखमाबाईचं घर गावाने आधीच वाळीत टाकलेलं. तिच्या नवऱ्याने देवळाच्या जमिनीच्या दाव्यात गावाविरुद्ध साक्ष दिली होती. तो मेला तेव्हा तिरडी उचलायला कुणी आलं नाही. मुंबईहून मुलगा येईपर्यंत बाई प्रेताजवळ एकटी बसून होती. हे ऐकून माझं डोकं फिरलं. साक्ष नवऱ्याने दिली, तो गेला, आता त्या बाईचा काय गुन्हा?

"आता सुटतंय, भाऊ," रखमाबाई मलाच म्हणाली. "घरोघर फिरले. पायरीखाली उभी राहून एकेकाच्या पाया पडले. सगळे व्हय बोलले. आता बैठकीत नुसतं बोलून टाकायचं, की देवी यंदा रखमाच्या दारात जाईल. तुमी शिकलेले. तुमचं झालं की आमचं पण एक शब्द बोला."

"एक शब्द काय, दहा बोलतो," मी म्हणालो. "काळजी करू नका."

देवळातली बैठक

बैठक शिमग्याच्या तोंडावर ठेवतात, कारण मुंबईचे चाकरमानी तेव्हाच गावी येतात. त्याच दिवशी दिवेलागणीला गुरव देवीची रुप्याची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत लावतो. आणि एकदा रूपं लागली की गावाने कुणाचाही निवाडा करायचा नाही. देवी सगळी घरं फिरून परत देवळात बसेपर्यंत वाद झाकून ठेवायचे, आणि पालखीने गेल्या सालच्याच घरांना जायचं. ही त्यांची जुनी रीत. दाजींनी मला ती सांगितली होती, पण मी म्हटलं दुपार मोठी आहे, एवढ्या वेळात चार दावे निकालात निघतील.

अध्यक्षस्थानी अप्पा होते, मुंबईत कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होऊन पेन्शनीवर आलेले. पुढ्यात पितळी घंटा. त्यांनी उभं राहून सांगितलं, "विषय दोन. पहिला, बंद दाराचा. दुसरा, रखमाबाईंचा. वादाचा विषय आधी घेऊ. ज्याला बोलायचं त्याने हात वर करावा. शेवटी हात मोजून निकाल." मी तर खूष झालो. इतक्या लांब, माडांच्या मुलखात, माझ्या शास्त्राचा माणूस भेटला! रखमाबाई सभामंडपाबाहेर पायरीखाली बसली होती. तिच्याकडे पाहून मी मान हलवली.

मी उभा राहिलो. "सभ्य गृहस्थहो, माझे मुद्दे पाच आहेत. पहिला मुद्दा..."

"पावणे साताऱ्याचे ना?" खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे म्हणाले. अंगावर पंचा, हातात अडकित्ता. हेच ते गोविंदतात्या. "साताऱ्याला आमचे एक मेव्हणे होते. फार कडक माणूस."

सगळे हसले. मी थांबलो. पुन्हा सुरू केलं, "पहिला मुद्दा असा की पालखी दाराशी आली तेव्हा..."

"आली खरी," तात्या म्हणाले, "पण पुढचा दांडा करकरत होता त्याचं काय? गेल्या सालचं बोलतोय मी. देवी दारापुढे हलली ती कुलपाला बघून नव्हे हो, दांडा करकरला म्हणून. तो दांडा कुठल्या फणसाचा, आहे का कुणाच्या ध्यानात?"

अप्पांनी घंटा वाजवली. "तात्या, विषयाला धरून."

"धरूनच आहे. दांडा धरल्याशिवाय पालखी चालते काय?"

तो फणस म्हणे दोन घरांच्या हद्दीवर होता. एकाने म्हटलं, आमच्या बापसाने दिला. दुसऱ्याने म्हटलं, तुझ्या बापसाने नुसती कुऱ्हाड चालवली, झाड आमचं. मंडपात एकच गलका. अप्पांनी पुन्हा घंटा वाजवली तर तात्या म्हणाले, "अप्पानु, घंटा झकास आहे. शाळेची काय?" पोरंसोरं खिदळली. फणसवाल्यांपैकी एक मानकरी रुसून उठला आणि चालता झाला. त्याचा पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान होता, त्याला सोडून बैठक चालवायची नाही. चार माणसं त्याच्यामागे गेली, त्याची समजूत घालत बसली. आम्ही इकडे पान चघळत बसलो. दोघे घोरू लागले. एक चाकरमानी सबंध वेळ "जल्लं मेलं, काय चाललंय हे" एवढंच पुटपुटत होता. तेवढा एकच माणूस मला शहाणा वाटला.

मानकरी आला. मी तिसऱ्यांदा उभा राहिलो. माझा आवाज आता चढला होता. "अहो, एका मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे! पोर मरणाच्या दारात असताना किल्ली विसरली म्हणून..."

"किल्लीवरून आठवलं," तात्या म्हणाले.

मी म्हणालो, "तुम्ही काही आठवू नका! दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ द्यायची रीत आहे की नाही तुमच्याकडे?"

"आहे तर. बोला की. मी कुठं अडवतो? फक्त ती देवळाच्या भांडारघराची जुनी किल्ली, ती विहिरीत पडली होती तेव्हा काढायला कोण उतरला होता, एवढं सांगा कुणीतरी, म्हणजे मी गप्प बसतो."

विहिरीत कोण उतरला होता यावर तीन मतं निघाली. तिन्ही घराणी तिथे हजर! मग त्या विहिरीचा गाळ, मग गाळ काढायला कोण आलं नव्हतं, मग न येणाऱ्याच्या आजोबाचं सगळं चरित्र. अप्पांची घंटा वाजत होती आणि कुणी तिला भीक घालत नव्हतं. मी मुद्दे विसरलो नव्हतो, पण ते सांगायला जागाच नव्हती. रागाने माझे कान तापले. असल्या वाचाळ माणसांनीच या देशाचं वाटोळं केलं, असं मी खुद्द तात्यांच्या तोंडावर बोललो. ते म्हणाले, "व्हय तर," आणि सुपारी कातरत राहिले.

अप्पा शेवटी कडाडले, "पुरे! आता हात वर करा. बंद दाराला गाव वाळीत..."

तेवढ्यात ढोलावर थाप पडली. गुरव रूपं घेऊन गाभाऱ्यातून बाहेर आला होता. सगळा मंडप उठून उभा राहिला. अप्पांचं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांनी घंटा धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि हात जोडले.

मला वाटलं आपण हरलो. पण दाजींनी माझा दंड धरला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सुटलो," ते म्हणाले. "निवाडा नाही म्हणजे पालखी गेल्या सालच्या घरांना जाणार. आपल्या दारात येणार. एकदा ओटी भरली की कुलपाचं कुणी काढत नाही."

"पण मी बोललोच नाही!"

"बोलून काय होणार होतं? अप्पांनी हात आधीच मोजून ठेवले होते."

"मग मला साताऱ्याहून कशाला आणलंत?"

दाजी जरा ओशाळले. "तसं नव्हे, पण कोणी बोलायला उभंच राहिलं नसतं, तर तात्यांनी मध्ये तोंड घालायचं कुणाच्या?"

वाचकहो, सांगा, याला काय म्हणावं? पाच मुद्दे घासूनपुसून तयार केले होते. मी ते पुरे मांडले असते तर अप्पांनी नीट ऐकून घेतले असते, आभार मानले असते, हात मोजले असते आणि माझी भाची रीतसर, विषयाला धरून, गावाबाहेर टाकली गेली असती. एका निरुद्योगी म्हाताऱ्याच्या बडबडीने ती वाचली. हे मला आनंदाने कबूल करवत नाही. न्याय असा मिळायचा असेल तर माणसांनी बोलायला तरी का शिकावं?

मी तात्यांना गाठलं. विचारलं, "हे मुद्दाम केलंत?"

"काय केलं?" ते म्हणाले. "मी आपला दांड्याचं बोललो. करकरतोच तो. उद्या ऐका."

पालखी

होळी झाली आणि पालखी घरं घ्यायला निघाली. आक्काच्या अंगणात ती आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पोरांनी पालखी खांद्यावर नाचवली, गुलाल उडाला, गुरवाने घराच्या भल्यासाठी देवीला गाऱ्हाणं घातलं. शांताने आईबरोबर ओटी भरली. अप्पाही आले होते. त्यांनी शांताच्या डोक्यावर हात ठेवला आणि लग्न कधीचं ते विचारलं. जणू काही झालंच नव्हतं! मला हसावं की ओरडावं कळेना. आक्काने सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं, आणि दांडा खरंच करकरत होता.

मी पालखीबरोबर चालत निघालो. दोन घरांपलीकडे रखमाबाईचं घर. अंगण शेणाने सारवलं होतं, रांगोळी काढली होती, उंबऱ्यावर सुपात खण, नारळ, तांदूळ. बाई धुतलेलं लुगडं नेसून दारात उभी होती. तिच्या विषयापर्यंत बैठक गेलीच नव्हती. निवाडा नाही म्हणजे गेल्या सालचीच घरं. गेल्या साली तिचं घर नव्हतं.

पालखी न वळता सरळ पुढे गेली. ढोल वाजवणाऱ्याने मान खाली घातली, एवढंच. बाकी कुणी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी धावत जाऊन वाटेत आडवा उभा राहिलो. "थांबा! या बाईला तुम्ही सगळ्यांनी होय म्हटलंय! एकेकाने म्हटलंय! अप्पा, तुम्ही म्हटलंय की नाही?"

ढोल थांबला. अप्पा पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "म्हटलंय, पाहुणे. पण रूपं लागली. आता देवीपुढे निवाडा नाही. त्याच रीतीने तुमचं घर राहिलं ना?"

मी तात्यांना शोधलं. ते मागे काठी टेकत येत होते. "तात्या, बोला काहीतरी! त्या दिवशी मेव्हण्यापासून विहिरीच्या गाळापर्यंत बोललात. आता बोला!"

तात्यांनी दारातल्या बाईकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "तिचा विषय मागे होता," ते म्हणाले. "तो राहील हे ध्यानातच आलं नाही हो, पावणे."

आक्का मागून आली होती. तिने माझी बाही ओढली, "चल घरी, आपलं झालं ना नीट." तिच्यावरही मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, आणि आठवलं तरी लिहिणार नाही. पोरांनी खांदा बदलला, मला बाजूला सारलं, आणि पालखी पुढच्या वळणाला लागली.

मी रखमाबाईच्या अंगणाच्या कडेला उभा राहिलो. काय बोलावं? दहा शब्द बोलीन म्हणालो होतो, आता एकही तोंडातून फुटेना. तिने सूप उचललं. नारळ घरंगळत होता तो पदराने सावरला.

"भाऊ, तुमी नका तापू," ती म्हणाली. "पुढल्या साली अप्पांना सांगून जा, आमचा विषय पहिला घ्यायला."